चौदावी गाडी

हेमलता टोरांटोला गेल्याला चार महिने झाले, तरी पाटणकरांना एकट्यापुरता कुकर लावणं जमत नव्हतं. भात दोघांचा व्हायचा. दुपारचा उरलेला रात्री, आणि रात्रीचाही उरला तर सकाळी फोडणी देऊन. चौतीस वर्षं विमानाच्या इंजिनाच्या पात्यांवर पडणारा ताण मोजण्यात गेलेल्या माणसाला वाटीभर तांदळाची अर्धी वाटी करता येऊ नये, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं.

श्रीरंग पाटणकर एकोणनव्वद साली मिरजेहून बंगळूरला आले ते सरकारी प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी, आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झाले. एकुलती लेक ईरा लग्न होऊन टोरांटोला. तिला मुलगा झाला तेव्हा दोघंही गेले होते. पण तिथे बाळाभोवती ईरा, तिची सासू आणि हेमलता अशा तिघी, आणि सोफ्यावर पाटणकर. महिन्याभरात त्यांनी घराची काळजी वाटते म्हणून परतीचं तिकीट काढलं. हेब्बाळच्या आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटला काळजी करण्यासारखं काही नव्हतं, हे हेमलतालाही ठाऊक होतं. ती म्हणाली, बरं.

खाली पार्किंगमध्ये त्यांची जुनी मोटारसायकल होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घेतलेली, जड, काळी, वेळच्या वेळी कागद नवे करून जपलेली. एके काळी ते आणि हेमलता तिच्यावरून मडिकेरीपर्यंत गेले होते. आता रविवारी सकाळी खाली उतरून ती पुसायची आणि पाच मिनिटं सुरू ठेवायची, एवढंच. अशाच एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरचा प्रणीत तिथे थबकला. प्रणीतचं घराणं मूळचं बंगळूरच्याच चामराजपेटेतलं, दहा-बारा पिढ्या कर्नाटकात काढलेलं. मराठी बोलायचा, पण निम्मं कन्नड मिसळून. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, आमचा ग्रुप आहे, पुढच्या शनिवारी कळसला चाललोय, कुद्रेमुखच्या डोंगरात, तुम्ही या. पाटणकर नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच त्याने त्यांचा नंबर ग्रुपमध्ये टाकलाही.

"स्वल्प लवकर निघायचं, सर. पाचला," तो म्हणाला.

तो आठवडा चांगला गेला. पाटणकरांनी ब्रेकचे लायनर बदलून घेतले, तेल बदललं, रेनकोट शोधला. ग्रुपवर रोज शंभर निरोप पडत, त्यांतले अर्धे त्यांना समजत नसत, तरी ते सगळे वाचत. हेमलताला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गुडघ्याचा पट्टा घ्या.

शनिवारी पहाटे नेलमंगलच्या पेट्रोल पंपावर चौदा गाड्या जमल्या. बाकीच्यांचे चिलखतासारखे जॅकेट, हातमोजे, बूट. पाटणकरांच्या अंगात जुना स्वेटर आणि त्यावर रेनकोट. सगळे त्यांना सर म्हणाले, दोघा-तिघांनी गाडीसोबत फोटो काढून घेतले. प्रणीतने नियम सांगितले. सगळ्यांत पुढे तो स्वतः. सगळ्यांत मागे त्याची मामेबहीण स्मृती. तिचं काम एकच, मागे कुणी राहिलं नाही ना ते बघणं. तिच्यापुढे पाटणकर. चौदा दिवे एका ओळीत अंधारात निघाले, तेव्हा आपण त्यांतले एक आहोत याचा पाटणकरांना जो आनंद झाला, तो त्यांच्या वयाला शोभेल असा नव्हता, आणि म्हणून त्यांनी तो हेल्मेटच्या आत ठेवला.

हासनला इडली-वडा, बेलूरला कॉफी. मुडिगेरे मागे पडल्यावर रस्ता वळायला लागला आणि दोन्ही बाजूंनी कॉफीचे मळे आले. कोट्टिगेहाराला जेवण झालं तेव्हा एक वाजला होता. तिथून कळसपर्यंत चाळीसेक किलोमीटर नुसता घाट आणि जंगल. ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस थांबला होता, पण डोंगर अजून ओले होते.

अर्ध्या तासाने एका वळणावर पाटणकरांना लघवीला थांबावं लागलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. मागची स्मृतीही थांबली. मुलीसमोर काय सांगायचं, म्हणून त्यांनी नुसता हात हलवला आणि म्हणाले, "तू हो पुढे. मी येतोच मागनं."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या वळणाकडे. मग ती गेली.

दोन मिनिटांनी ते निघाले, आणि अर्धा किलोमीटरही गेले नसतील तोच मागचं चाक डगमगलं. उतरून पाहिलं तर टायर जमिनीला टेकलेलं, आणि त्यात वीतभर लोखंडी तार. जुनी गाडी, ट्यूबचं टायर. पंक्चरवाल्याशिवाय इलाज नव्हता. फोन काढला. त्याला रेंज नव्हती. पाटणकर दगडावर बसले. त्यांना वाटलं, पुढच्या चहाला थांबतील तेव्हा कळेलच. पंधरा-वीस मिनिटांत कुणीतरी मागे येईल.

पाऊण तास झाला. आली ती एक स्कूटर, आणि तिच्यावर खाकी पिशवी अडकवलेला पन्नाशीचा पोस्टमन. त्याने विचारपूस केली, पाटणकरांची अडखळती कन्नड ऐकली, आणि एकदम मराठीत म्हणाला, "सर, मराठी बोला की. मी खानापूरचा."

त्याचं नाव यल्लाप्पा. वीस वर्षांपूर्वी बदली होऊन या बाजूला आला, इथलीच बायको केली आणि इथलाच झाला. त्याचं घर पुढच्या वळणापाशीच होतं. दोघांनी मिळून गाडी तिथवर ढकलत नेली. घरात लँडलाइन होता. या डोंगरात तेवढाच एक चालतो, असं यल्लाप्पा म्हणाला. पाटणकरांनी प्रणीतला लावला, स्मृतीला लावला, आणखी दोघांना लावला. सगळे कव्हरेजच्या बाहेर. मुक्कामाच्या होमस्टेचा नंबर त्यांच्याजवळ नव्हता. त्यांना तो विचारावासा वाटलाच नव्हता, सगळे बरोबरच तर जाणार होते.

यल्लाप्पाने मग चाक खोलायला घेतलं. पाटणकरांजवळ पाने होते, हातही चालत होते, पण गुडघे वाकत नव्हते. ते चाक स्कूटरच्या पायाशी उभं ठेवून यल्लाप्पा बारा किलोमीटरवरच्या पंक्चरवाल्याकडे निघून गेला. त्याची पोस्टाची पिशवी खुंटीवर राहिली.

यल्लाप्पाच्या बायकोचं नाव पद्मावती. तिला मराठी येत नव्हती. तिने कॉफी दिली, मग हळदीच्या पानातले कडबू दिले, आणि समोर बसून विचारलं, घरी कोण कोण? पाटणकरांनी सांगितलं. तिची मुलगी मंगळूरला नर्स होती, ती महिन्यातून एकदा येते, असं तिने सांगितलं. पण पाटणकरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर दहा मिनिटांनी ते उठून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. तेरा माणसं आपल्यामुळे खोळंबली असतील, या विचाराने त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं. एवढ्या हौसेने आखलेली त्यांची सहल. आणि आता ती पोरं कुठल्या कुठल्या वळणावर उतरून दरीत डोकावत असतील. स्मृती बिचारी रडत असेल. माझी माणसं मला शोधत असतील हो, असं ते पद्मावतीला पुन्हा पुन्हा म्हणाले. ती म्हणाली, शोधत असतील तर याच रस्त्याने येतील. एवढं साधं गणित त्यांनी मांडलं नव्हतं.

पंक्चरवाला देवळात गेला होता, म्हणून यल्लाप्पाला यायला साडेपाच झाले. चाक बसवेपर्यंत सहा. झाडांमधून धुकं खाली उतरलं होतं आणि रस्त्याचा समोरचा काठ दिसत नव्हता.

"सर, आज हितंच ऱ्हावा," यल्लाप्पा म्हणाला. "वळणं वाईट हाईत."

पाटणकर ऐकेनात. नाही, नाही, ते सगळे काळजीत असतील, मला गेलंच पाहिजे. त्यांनी यल्लाप्पाला काही द्यायला खिशात हात घातला, तर त्याने तो धरून बाहेर काढला. मग कागदाच्या चिटोऱ्यावर आपला नंबर लिहून दिला.

"पोचल्याव एक रिंग द्या. होमस्टेत आसतोय लँडलाइन. आमी उचलत न्हाई, नुसती रिंग वाजली की समजतंय. मग झोपतो."

पाटणकरांनी चिटोरा स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवला आणि निघाले.

ते पंचवीस किलोमीटर त्यांना पुढे कधी नीट आठवले नाहीत. दिव्याचा पिवळा गोळा धुक्यातच विरत होता. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता, तोही मध्येच नाहीसा व्हायचा. धुक्याचं पाणी रेनकोटच्या गळ्यातून आत स्वेटरपर्यंत झिरपत होतं. एका वळणावर मागचं चाक ओल्या पानांवरून सरकलं आणि गाडी कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. त्यांनी दोन्ही पाय टेकवले, गाडी मागे ओढून सरळ केली. भीतीपेक्षाही मोठा विचार एकच होता: लवकर पोचायचं, आणि सांगायचं की मी ठीक आहे. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. आधी माफी मागायची. मग स्मृतीची चूक नव्हती हे सगळ्यांसमोर सांगायचं.

कळसच्या पुढे होमस्टेची पाटी सापडली तेव्हा पावणेआठ झाले होते. अंगणात ओळीने गाड्या उभ्या होत्या. पाटणकरांनी आपली शेवटी लावली. मागच्या बाजूने हसण्याचा आवाज येत होता. घराला वळसा घालून गेले तर शेकोटी पेटलेली, भोवती खुर्च्या, कुणाच्या तरी हातात गिटार, ताटं फिरत होती. त्यांच्या तोंडावर उजेड पडला तसं प्रणीतने वळून पाहिलं.

"या सर, या. फ्रेश होऊन आलात?"

पाटणकर उभेच राहिले. त्यांच्या पायाला चिखल होता, रेनकोटवरून पाणी निथळत होतं.

"हो," ते म्हणाले.

कुणीतरी सरकून त्यांना खुर्ची दिली. बोलण्या-बोलण्यातून त्यांना कळलं ते असं: वाटेत दोन तुकड्या पडल्या होत्या. प्रणीत आणि सहा जण धबधबा बघायला आत गेले. स्मृती आणि बाकीचे सरळ इथे आले. इकडच्यांना वाटलं सर मागून येऊन धबधब्याकडे वळले, तिकडच्यांना वाटलं सर खोलीवर. संध्याकाळी सगळे एकत्र आल्यावर कुणी कुणाला विचारलं नाही. वयस्कर माणूस, दमून झोपला असेल. एक मुलगा तर म्हणाला, सर, तुम्ही घोरत होता, बाहेरपर्यंत आवाज येत होता. सगळे हसले. पाटणकरही हसले. त्यांनी एका पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून बसून राहिले. स्मृती शेकोटीच्या पलीकडे होती. ती त्यांच्याकडे पाहत होती.

खोलीत गेल्यावर त्यांनी कपडे बदलले नाहीत. ओल्या स्वेटरनिशीच पलंगावर आडवे झाले. राग कुणावर काढावा असं काही घडलंच नव्हतं. मुलं चांगली होती, त्यांनी खुर्ची दिली होती. गाडी कठड्यावरून खाली गेली असती तर सकाळच्या नाष्ट्याला कळलं असतं, एवढाच एक हिशेब ते पुन्हा पुन्हा करत राहिले, आणि तो दर वेळी तसाच सुटत होता.

सकाळी सगळे कुद्रेमुखला निघायच्या तयारीत होते. पाटणकरांनी प्रणीतला सांगितलं, मी परत जातो, गुडघा दुखतोय. तो म्हणाला, सरी सर, ठीक आहे, जपून जा, हायवेनेच जा. ते पिशवी बांधत होते तेव्हा स्मृती जवळ आली. तिने त्यांच्या गाडीच्या मडगार्डवरचा वाळलेला चिखल पाहिला.

"काल तुम्ही किती वाजता आला, सर?"

पाटणकरांनी पट्टा ओढला. "पावणेआठ. पंक्चर झालं होतं."

तिने तोंडावर हात नेला. मग हळू आवाजात म्हणाली की तिने रात्री गाड्या मोजल्या होत्या, चौदा भरल्या, म्हणून ती गप्प बसली. पण मोजल्या तेव्हा शेकोटी पेटून तास झाला होता, म्हणजे सर येऊन गाडी लावल्यानंतर, ते तिला आता कळतंय. पाटणकर तिला म्हणाले, मीच तुला पुढे पाठवलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती मान हलवत राहिली. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात पुढून हॉर्न वाजले आणि तिला जावं लागलं.

धुकं निवळलं होतं. ऊन पडलेल्या रस्त्यावर पाटणकरांना ते कालचं वळण दिसलं, कठडा दिसला, पलीकडची दरी दिसली. ते थांबले नाहीत. यल्लाप्पाच्या घरापाशी आल्यावर, कालच्याबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी गाडी आत घेतली.

अंगणात स्कूटर आडवी होती. तिचा दिवा फुटलेला, हँडल वाकडं. दारातच एक स्टूल, स्टुलावर टेलिफोन. आतल्या भिंतीपासून वायर ताणून तो उंबरठ्यापर्यंत आणला होता.

पाटणकरांचा हात आपोआप स्वेटरच्या आतल्या खिशाकडे गेला. चिटोरा तिथेच होता. भिजून त्याचा लगदा झाला होता.

पद्मावती बाहेर आली. त्यांना पाहून तिने आधी देवाला हात जोडले, मग तिचा चेहरा बदलला. तिने जे सांगितलं ते थोडक्यात होतं. रात्री नऊपर्यंत वाट पाहिली. मग यल्लाप्पा बॅटरी घेऊन स्कूटरवर निघाला. प्रत्येक वळणावर थांबून खाली उजेड टाकत टाकत तो थेट कळसपर्यंत गेला. कुठे गाडी पडलेली दिसली नाही, तेव्हा परत फिरला, आणि येताना ओल्या पानांवरून घसरला. पाय सुजून भोपळ्यासारखा झालाय, सकाळची बस रविवारी नसते.

पाटणकर म्हणाले की ते विसरले.

"तुम्ही पोचला होतात, हे चांगलंच झालं, अण्णा," पद्मावती म्हणाली. "पण आम्हाला ते कुठं माहीत होतं?"

यल्लाप्पा आत खाटेवर होता. तो रागावला नव्हता. त्याने उलट विचारलं, तुमची माणसं लई काळजीत होती काय? पाटणकर खाटेच्या कडेला बसले आणि कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. कुणी शोधत नव्हतं. कुणाला कळलंच नव्हतं. यल्लाप्पाने ते ऐकून घेतलं आणि आपल्या पायाकडे पाहिलं.

"एक रिंग तर द्यायची, सर," तो एवढंच म्हणाला.

पाटणकरांनी त्याला मागे बसवलं आणि पुन्हा कळसला नेलं. पद्मावतीने त्याचा पाय लाकडी फळीला बांधून दिला होता. दर खड्ड्याला यल्लाप्पाची बोटं त्यांच्या खांद्यात रुतत होती, आणि ते पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, सायकलच्या गतीने चालले होते. घोट्याचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून परत यायला दुपारचे दोन वाजले. पाटणकर म्हणाले, मी राहतो दोन दिवस. पाणी आणणं, दवाखाना, जे लागेल ते. घरी मला काही काम नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, जवळजवळ विनवल्यासारखं. पद्मावतीने मान हलवली. कोट्टिगेहाराहून तिचा भाऊ निघाला होता, मुलगीही रजा घेऊन येत होती. घरात दोनच खोल्या. तिने त्यांना भात वाढला, ते जेवेपर्यंत समोर बसली, आणि म्हणाली, आता निघा, अंधार पडायच्या आत घाट उतरा.

ते निघाले. घाट उतरून, हासन ओलांडून, ट्रकांच्या रांगांतून, न थांबता. कुणिगलच्या बरीच आधी दिवेलागण झाली. घरी पोचल्यावर, बूटही न काढता, निघताना मोबाईलमध्ये घालून घेतलेला नंबर काढून त्यांनी यल्लाप्पाच्या घरी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला, पुरुषाचा अनोळखी आवाज होता, पद्मावतीचा भाऊ असणार. पाटणकर म्हणाले, पोचलो म्हणून सांगा. तो म्हणाला, सरी.

मग हेमलताचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रविवारची सकाळ होती, तिच्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. कसं झालं, तिने विचारलं. पाटणकर दर रविवारी सांगत तसं छान म्हणणार होते, पण त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं; लघवीला थांबलो तिथपासून प्लास्टरपर्यंत. इतकं एका दमात ते तिच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. संपल्यावर तिने टॉवेल सोडला आणि मांडीवर घेतला.

"शेकोटीपाशी त्याने विचारलं, फ्रेश होऊन आलात का," ती म्हणाली. "तुम्ही हो का म्हणालात?"

पाटणकरांनी विचार केला. त्यांना खरंच उत्तर द्यायचं होतं. ते अगदी जिभेशी आलं होतं, म्हणजे त्यातला पहिला शब्द तरी.

"कसं आहे," ते म्हणाले, "त्या वेळी मला—"

तिकडे बाळ रडायला लागलं. हेमलता म्हणाली, थांबा हं, आलेच, आणि फोन पलंगावर ठेवून गेली. पडद्यावर ईराच्या घराचं पांढरं छत दिसायला लागलं. दुरून बायकांचे आवाज येत होते, पाण्याचा, भांड्याचा. पाटणकर फोन दोन्ही हातांत धरून त्या छताकडे बघत बसले. त्यांनी फोन बंद केला नाही.